भिंतींना भ्यायचं ते वर्ष

फेब्रुवारी सरत आला की नांदेडच्या आमच्या कॉलनीत कडुनिंबाची पानगळ सुरू होते आणि पोरी बोलायच्या थांबतात. माझ्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत क्लासच्या पोरी राहतात. एरवी त्या खिदळत जिना उतरतात. या दिवसांत फक्त चपला ऐकू येतात. चौकातल्या फलकांवर मागच्या वर्षी नंबरात आलेल्यांचे चेहरे उन्हानं विटलेले असतात आणि यंदाची मुलं त्यांच्याखालून मान खाली घालून जातात. हवेत आंब्याच्या मोहोराचा वास असतो. लोकांना तो आवडतो. मी मात्र खिडकी लावून घेते, पन्नाशीला टेकले तरी.

परवा दुपारी श्रुतीचा मेसचा डबा तिच्या दाराबाहेर तसाच पडलेला दिसला. श्रुती चाकूरची. एक वर्ष लातूरला क्लास करून झाला, मार्क कमी पडले, म्हणून दुसऱ्या खेपेला घरच्यांनी तिला नांदेडला आणून ठेवलं. तिच्या खोलीतली दुसरी पोरगी गावी गेली होती. मी दोनदा वर जाऊन आले. डब्याला मुंग्या लागल्या होत्या. मे महिन्यातल्या डॉक्टरकीच्या त्या एका परीक्षेच्या आधी आमच्या भागातून कसल्या बातम्या येतात, ते खोल्या भाड्यानं देणाऱ्या आम्हा बायकांना ठाऊक असतं. आम्ही त्या बातम्या मोठ्यानं वाचत नाही. तिसऱ्यांदा गेले आणि दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. 

दार उघडलं. "झोप लागली होती काकू," ती म्हणाली. झोपलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. मी आत गेले नाही, उंबऱ्यातच बसले. मग तीही बसली. खाली भाजीवाला ओरडून गेला, त्याच्यामागं कुणाची तरी स्कूटी गेली. तिनं विचारलं, "काकू, तुम्हाला परीक्षेची भीती वाटायची का हो?"

"परीक्षेची नाही," मी म्हणाले. "भिंतींची."

मी लातूरची. अब्बा गाद्या-रजया करायचे. कापूस पिंजायचं त्यांचं यंत्र आमच्या घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि घरातल्या सगळ्यांच्या पापण्यांवर कायम कापसाची बारीक लव असायची. घर दगडमातीचं, वर मातीच्या सपाट छताचं माळवद, भिंती हातभर रुंद. उन्हाळ्यात गार राहायचं म्हणून अम्मी त्या भिंतींना पाठ लावून बसायची. मी बारावीत होते त्या सप्टेंबरच्या शेवटी भूकंप झाला. लातूर शहर तसं वाचलं. किल्लारी आणि तिकडची गावं वाचली नाहीत. ते हादरे आता कुठल्याही पुस्तकात सापडतात. पुस्तकात सापडत नाही तो त्यानंतरचा हिवाळा. जमीन थांबली होती, पण थांबली आहे यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता.

अख्खं लातूर बाहेर राहायला आलं होतं. आम्ही एका बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या आवारात ताडपत्री बांधली. लोक स्टीलचा एक पेला उपडा ठेवून त्यावर दुसरा, त्यावर तिसरा ठेवायचे. पेले पडले की पळायचं. बादलीतलं पाणी हललं का, ते सगळे सारखे वाकून बघायचे. "आज चारला होणार हाय म्हनं," असं कुणीतरी सांगायचं आणि चार वाजेपर्यंत बायका चूल पेटवायच्या नाहीत. चार वाजून जायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "चारचा न्हाई, सहाचा हाय." आमचे फिजिक्सचे सर मैदानावर झाडाला फळा टेकवून शिकवायचे. लातूरच्या मुलांचं नाव तेव्हा नुकतंच गुणवत्ता यादीत गाजायला लागलं होतं आणि सर ते नाव खाली पडू देणार नव्हते. वाऱ्यानं फळा डुलला की तीसचाळीस पोरापोरींची पेनं एकदम थांबायची.

माझं मात्र बाकीच्यांपेक्षा वेगळं झालं. महिनाभरानं लोक दिवसा तरी घरात जायला लागले. मला जमेना. उंबऱ्याशी गेले की पाय थांबायचे, तळहात ओले व्हायचे, कानात गुडगुड सुरू व्हायची. वही आत राहिली असेल तर मी बाहेर उभी राहून अम्मीला हाक मारायची. छत पाहिलं की ते माझ्यावर आलेलं दिसायचं. कुणाला सांगितलं तर हसतील म्हणून मी सांगत नव्हते, पण अम्मीला दिसत होतं.

अम्मीचं एकच उत्तर होतं. पाऊस अवेळी आला आणि ताडपत्रीतून गळायला लागलं, तरी तेच. रॉकेल मिळालं नाही, तरी तेच. "अल्लाह है ना. डरती कायकू?" ती हे ओरडून म्हणायची नाही, समजावूनही म्हणायची नाही. पीठ मळता मळता 'मीठ दे' म्हणावं तसं म्हणायची. एका संध्याकाळी घरात पीठच नव्हतं. तिनं मला सांगितलं, "चूल पेटव, तवा ठेव." मी ठेवला. तवा तापून धूर निघायला लागला. मला वाटलं, आता कुणीतरी येईल, गोष्टीत येतात तसं. कुणीही आलं नाही. अम्मीनं तवा उतरवला, डब्याच्या तळाशी राहिलेले हरभरे उकडले, चौघांच्या ताटल्यांत वाटले आणि म्हणाली, "आज ये दिया उसने." धाकटा भाऊ हसला. मला हसू आलं नाही. मला त्या रिकाम्या तव्याची भीती वाटली होती.

मग दिवाळीच्या सुमाराला काम आलं. थंडी पडायला लागली होती आणि किल्लारीकडची माणसं पत्र्यांच्या शेडमध्ये राहत होती. मदत करणाऱ्या एका मंडळानं अब्बांना शेकड्यानं रजया सांगितल्या. यंत्र दिवसभर घरघरायला लागलं. अम्मी, शेजारच्या दोघी आणि मी घरापुढं बसून टाके घालायचो. मी यंत्राच्या खोलीत जात नव्हते, म्हणून अब्बा पिंजलेल्या कापसाचे ढीग बाहेर आणून द्यायचे. घरात पीठ आलं, तेल आलं, माझ्यासाठी केमिस्ट्रीचं नवं पुस्तक आलं. अम्मी म्हणाली, "देखा? बोली थी ना मैं."

मी सुई थांबवली. "अम्मी, त्यांची घरं पडली म्हणून आपल्याला काम मिळालं."

 मी थांबले नाही. अठरा वर्षांच्या पोरीला थांबता येत नाही. "मग त्यांच्यासाठी तो कुठं होता?"

अब्बांनी यंत्र बंद केलं. अम्मी दोरा दातानं तोडत होती. तिनं तो तोडला, सुईत ओवला, आणि खाली मान घालून शिवत राहिली. मला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्याकडे उत्तर नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि माझी भीती दुप्पट झाली. आतापर्यंत फक्त छतच पडणार होतं.

पहिला माल घेऊन अब्बा जीपनं किल्लारीकडं निघाले तेव्हा मीही गेले. यादी वाचायला कुणीतरी शिकलेलं हवं होतं. काळं रान, त्यात मधूनच पांढऱ्या दगडांचे ढीग. ढीग म्हणजे गावं होती, हे मला कुणी सांगितलं नाही; जीपमधली माणसं एकदम गप्प झाली, त्यावरून समजलं. पत्र्याच्या शेडची लांब रांग होती. मी रेशनकार्डाच्या यादीवरून नाव वाचायची आणि अब्बा तितक्या रजया द्यायचे.

एका शेडपाशी साधारण अम्मीच्या वयाची बाई उभी होती. यादीत तिच्या घरची सात माणसं होती. अब्बांनी सात रजया तिच्या हातांवर ठेवल्या. तिनं त्या खाली ठेवल्या, वरच्या दोन उचलल्या आणि बाकीच्या पायानं नव्हे, हातानं हळूच आमच्याकडं सारल्या.

"दोनच लागतेत," ती म्हणाली.

अब्बांना समजलं नाही. "यादीत सात हैत, बाई."

"यादी जुनी हाय."

अब्बा तिथंच खाली बसले. मला यादीवरची अक्षरं दिसेनात. ती बाईच मग माझ्याशी बोलली, "शाळा शिकती का तू?" मी म्हणाले, बारावी. "मग हितं कशाला हिंडायलीस? अभ्यास कर की." तिच्या शेडच्या दाराशी विटेवर एक पणती होती, वात काजळलेली. मी विचारू नये ते विचारलं. "तुम्ही अजून दिवा लावता?"

ती पणतीकडं बघत राहिली, जणू ती दुसऱ्या कुणी ठेवली होती. "लावते. त्यानं काय करायचं ते केलं. आता मी न्हाई लावला तर ह्या पोराला अंधारात बसावं लागंल." आत एक लहान मुलगा पत्र्याला कान लावून बसला होता. "लई भेतो त्यो. पत्रा वाजला का आयकत बसतो."

परत येताना अब्बा एकदाच बोलले. "तेरी अम्मी को मत बता." मी सांगितलं नाही. पण अब्बांनी त्या दिवसापासून प्रत्येक रजईत कापसाचा एक थर जास्त घालायला सुरुवात केली आणि अम्मीनं ते बघूनही का म्हणून विचारलं नाही. देव देतो म्हणजे कसं देतो, यावर आमच्या घरात तेवढीच चर्चा झाली.

त्या वर्षी बारावीचे पेपर रोज्यांत आले. परीक्षेचं केंद्र आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर एका शाळेत होतं. आदल्या दिवशी नंबर बघायला गेले आणि फळ्यासमोर उभी राहिले. दुसरा मजला. मी घरी येऊन अम्मीला म्हणाले, "मी नाही बसणार परीक्षेला." ती इफ्तारीसाठी कांदा चिरत होती. "बैठना पडता बेटी." मी म्हणाले, "तू नेहमीचं बोलू नको." ती उठली आणि तिनं माझा पांढरा दुपट्टा धुऊन वाळत घातला.

पहिल्या पेपरला मी जिन्याच्या मधल्या वळणावर अडकले. वरून मुली बोलावत होत्या, खालून मुली ढकलत होत्या, आणि माझे पाय सिमेंटचे झाले होते. घंटा झाली. जिना रिकामा झाला. तेव्हा खालून एक बाई चढून आल्या, आमच्या वर्गाच्या पर्यवेक्षिका. जाड चष्मा, हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

"काय गं? बरं वाटत नाही का? रोजा आहे का तुझा?"

मी मान हलवली. रोजाही होता. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, स्लॅब."

मला वाटलं, त्या हसतील. त्यांनी वर छताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मीही घरात अजून दाराजवळच झोपते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे बघ. बाक मला बदलता येत नाही, तुझा नंबर मधल्या रांगेत आहे. पण तीन तास मी दारात उभी राहीन. दार बंद होणार नाही. तुला कधीही वर बघावंसं वाटलं तर माझ्याकडं बघ, छताकडं नको."

आणि त्या उभ्या राहिल्या. खुर्ची होती, बसल्या नाहीत. दर पेपरला पर्यवेक्षक बदलायचे. कसं जमवलं कुणास ठाऊक, पण दोन पेपर सोडले तर त्याच आल्या. मी एक ओळ लिहायची आणि दाराकडं बघायची. इंग्रजी असं लिहिलं. फिजिक्स असं लिहिलं. भीती गेली नव्हती. ती माझ्या बाजूला बाकावर बसून होती, एवढंच.

केमिस्ट्रीच्या पेपरला तास-दीड तास झाला असेल. आधी आवाज आला, जमिनीखालून बैलगाड्या गेल्यासारखा. मग खिडक्यांच्या काचा वाजल्या आणि बंद पंखा हलायला लागला. कुणीतरी किंचाळलं. त्यानंतर सगळ्याच उठल्या. मी उठले नाही. इतके महिने ज्याची वाट पाहिली होती ते आलं होतं, आणि माझ्यात पळायला काही उरलंच नव्हतं. मी दोन्ही हातांनी बाक धरून बसले. बाई दारातून ओरडत होत्या, "एकेक! ढकलू नका! एकेक!" आणि त्या आवाजातच माझं नाव आलं. "नसीम! माझ्याकडं बघ! ऊठ!" मी त्यांच्याकडं बघत उठले. जिना कसा उतरले ते मला आजही आठवत नाही.

हादरा तोवर केव्हाच संपला होता. शाळा उभी होती. मैदानात पोरी रडत होत्या, हसत होत्या, एकमेकींना उत्तरं विचारत होत्या. फाटकापलीकडं पालकांची गर्दी झाली होती, आणि त्या गर्दीच्या पुढं, फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून, अम्मी उभी होती. मार्चचं ऊन, तोंडात पाण्याचा थेंब नाही, बुरख्याचा पदर मागं पडलेला. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. पांढरा पडला होता.

"तू इथं कशी?"

"हरेक दिन आती," ती म्हणाली. "तू अंदर गई के पीछे से."

रोज. दहा-साडेदहाला मला दारातून 'खुदा हाफिज' म्हणायची आणि मी दिसेनाशी झाले की मागोमाग निघायची. फाटकासमोर उभी राहायची आणि पेपर सुटायच्या आधी परत निघायची. मला राग आला; का आला ते आज सांगता येत नाही. मी गजांमधून म्हणाले, "तू तर त्याच्यावर सोपवलं होतंस ना? मग?"

"सौंपी थी," अम्मी म्हणाली.  "सौंपी, तबीच तो यहाँ तक चल को आई. नै तो घर में बैठे बैठे मर जाती थी मैं डर से."

घंटा झाली. मुख्याध्यापक भोंग्यावरून सांगत होते, पेपर पुढं सुरू होईल, वेळ वाढवून मिळेल. कितीतरी मुली आत जायला तयार नव्हत्या. अम्मीनं गजांमधून हात घातला आणि माझा दुपट्टा नीट केला. "जा," एवढंच म्हणाली. 'अल्लाह है' म्हणाली नाही. मी गेले. राहिलेले प्रश्न लिहिले.

मला डॉक्टर होता आलं नाही. मार्क तेवढे नव्हते. बी.एस्सी. झाले, शिक्षिका झाले, लग्न होऊन नांदेडला आले. वीस वर्षं विज्ञान शिकवलं. भूकंपाचा धडा आला की खडू जरा घट्ट धरायचे.

श्रुतीला मी एवढं सांगितलं. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकवून ऐकत होती. "मग भीती गेली का काकू?" तिनं विचारलं. मी खोटं बोलले नाही. नाही म्हणाले. ती बराच वेळ रडली, आणि मग तिनं मला जे सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. मी तिच्यासमोरच चाकूरला तिच्या आईला फोन लावला. "ताई, पोरीला तुमची गरज आहे, उद्या या," म्हणाले. रात्र आम्ही खालच्या खोलीत एकत्र काढली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तिची आई आली, शेतातून उठून आल्यासारखी, हातात फक्त एक पिशवी. तेव्हापासून इथंच आहे. दोघी दुपारी एकत्र जेवतात. पोरगी पुस्तक उघडते कधी, कधी उघडत नाही. मे महिन्यात काय होईल, मला माहीत नाही. मी नमाजाला बसते तेव्हा तिचं नाव घेते आणि माझा आवाज अजिबात ठाम नसतो.

अम्मीला जाऊन चार वर्षं झाली. तिची आठवण निघाली की लोक म्हणतात, काय तिचा भरवसा होता, कधी डगमगली नाही. मी ऐकून घेते.

केमिस्ट्रीच्या त्या पेपरानंतर आम्ही दोघी घरी निघालो. नेहमीप्रमाणे ती पुढं, मी मागं. गोलाईच्या बाजाराच्या अलीकडं एक बोळ होता, दोन्ही बाजूंना उंच जुनी दगडी घरं, मधून जेमतेम एक हातगाडी जाईल एवढी वाट. तिथून गेलं की घर दहा मिनिटांवर; मी रोज तिथून मान खाली घालून पळत जायची. अम्मी बोळाच्या तोंडाशी थांबली. मला वाटलं, धाप लागली असेल, रोजा आहे. पण ती वरच्या भिंतींकडं बघत होती.

"इधर से नक्को," ती म्हणाली.

"मग रोज कुठून येतेस?"

तिनं बाहेरच्या मोठ्या रस्त्याकडं बोट केलं. बाहेरच्या रस्त्यानं गेलं तर दुप्पट चालावं लागायचं. म्हणजे इतके दिवस, उपाशीपोटी, भर उन्हात, ती लांबून येत होती आणि लांबून जात होती. ज्या बाईनं मला हजार वेळा विचारलं होतं, डरती कायकू, ती एका बोळापुढं उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिला आता चालवत नव्हतं. इफ्तारीला अजून बराच अवकाश होता.

मी तिचा हात धरला. हात थंडगार होता, घामानं ओला होता, अगदी माझ्यासारखा. "माझ्याकडं बघ," मी म्हणाले, "वर बघू नको." माझीही नजर वर जात होती, पण ते तिला दिसू नये म्हणून मी पुढं झाले. आम्ही बोळात शिरलो. तिचे ओठ काहीतरी पुटपुटत होते, ते मला मागून ऐकू येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढं होते आणि अम्मी मागं, आणि ती माझ्या पाठीकडं बघत एकेक पाऊल टाकत होती.